फोटोपॉलिमर प्लेटसाठी अतिनील दिवे

लेटरप्रेस आणि फ्लेक्सो छपाईच्या फोटोपॉलिमर प्लेटवर प्रतिमा उतरवण्यासाठी वापरले जाणारे प्रकाशस्रोत. प्लेटवर निगेटिव्ह निर्वात दाबाने घट्ट बसवून वरून अतिनील प्रकाश सोडला, की निगेटिव्हच्या पारदर्शक भागाखालचे पॉलिमर कडक होते. उरलेले मऊ राहते आणि पाण्याने किंवा द्रावकाने धुऊन निघते. ड्यूपॉन्टची ‘डायक्रिल’ ही या जातीची आरंभीची प्लेट १९६०च्या आसपास बाजारात आली; फ्लेक्सोसाठीची लवचिक ‘सायरेल’ १९७०च्या दशकातली.

दिवा निवडताना वॅटच्या आधी तरंगलांबी पाहावी. प्लेटमधले विक्रिया सुरू करणारे रसायन साधारणपणे ३५० ते ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाला चांगला प्रतिसाद देते. डोळे दिपवणारा पांढरा एलईडी दिवा इथे निरुपयोगी. जांभळी दिसते म्हणून ‘यूव्ही’ नावाने विकली जाणारी स्वस्त एलईडी पट्टी बऱ्याचदा ३९५ ते ४०५ नॅनोमीटरची असते. तिच्याखाली प्लेट नीट पिकेल याचा भरवसा नाही.

छोट्या छापखान्याला ३६५ ते ३७० नॅनोमीटरच्या आसपास शिखर असलेल्या फ्लूरोसंट नळ्याच सोयीच्या. कीटक पकडण्याच्या यंत्रांतही याच प्रकारच्या नळ्या असतात. गडद काचेची ‘ब्लॅकलाइट ब्लू’ नळी महाग, आणि तिची काच फक्त दृश्य प्रकाश अडवते. प्लेटला त्याचा काही फायदा नाही. जंतुनाशक नळी मात्र टाळावीच. तिचा २५४ नॅनोमीटरचा प्रकाश काच आणि फिल्म ओलांडत नाही, पण डोळे आणि त्वचा भाजतो. नळ्या समांतर बसवाव्यात. त्यांच्यातले अंतर नळी ते प्लेट या अंतरापेक्षा जास्त झाले, तर प्लेटवर कमी-अधिक पिकलेले पट्टे उमटतात.

नळ्यांचा प्रकाश चहूकडून येतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा उतरत्या होतात. बारीक रेघेला त्याने खालून आधार मिळतो. पण काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी बारीक अक्षरे बुजू लागतात. तिथे पाऱ्याचा किंवा मेटल हॅलाइडचा एकच प्रखर दिवा सरस, कारण त्याचे किरण अधिक सरळ पडतात. मात्र तो तापायला काही मिनिटे घेतो. शिवाय त्याचे अंतर दुप्पट केले, की प्रकाश चौथाई उरतो. ३६५ नॅनोमीटरचे शक्तिशाली एलईडी मोठ्या फ्लेक्सो यंत्रांत रुळले आहेत. हवेतला ऑक्सिजन विक्रियेत खोडा घालतो. त्याला वाव मिळण्याआधीच त्यांचा तीव्र प्रकाश पृष्ठभाग कडक करतो आणि प्रतिमा घडवणाऱ्या ठिपक्यांचे माथे सपाट राहतात.

मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ : प्रति चौरस सेंटिमीटर १० मिलिवॅट प्रकाश १०० सेकंद दिला, तर १,००० मिलिजूल. दुपारच्या कडक उन्हातही प्लेट पिकते, पण ऊन तासातासाला बदलत असल्याने ठरलेली वेळ टिकत नाही. नळीचेही तसेच, फक्त सावकाश. जुनी नळी डोळ्याला तेवढीच उजळ दिसते, पण तिचे अतिनील उत्सर्जन घटलेले असते; म्हणून पायऱ्यांची चाचणीपट्टी लावून वेळ अधूनमधून नव्याने ठरवतात.

२५४ नॅनोमीटरच्या नळीला या कामात एकच जागा आहे : धुऊन वाळवलेल्या फ्लेक्सो प्लेटचा चिकटपणा घालवण्यासाठी ती बंद पेटीत वापरतात.