दिवाण-ए-खासचे चांदीचे छत

दिल्लीस गेलेला मराठी प्रवासी लाल किल्ला पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. शहाजहानने १६३९ मध्ये आरंभिलेला हा किल्ला १६४८ मध्ये पुरा झाला. त्यातील दिवाण-ए-खास म्हणजे बादशहाच्या खासगी दरबाराचे संगमरवरी दालन. त्याचे छत एके काळी चांदीने मढविलेले होते.

येथील मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने लुटून नेले, हे आपण आवेशाने सांगतो. छताच्या चांदीची गोष्ट निघाली, की मात्र आपला स्वर किंचित खाली येतो. १७६० च्या पावसाळ्यात सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. यमुनेपलीकडे अब्दालीची छावणी होती. इकडे फौज प्रचंड आणि खजिना रिता. तेव्हा भाऊंनी छताची उरलीसुरली चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. त्याने फौजेची निकड फार दिवस भागली नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर स्वतः भाऊही पडले.

श्रोतेहो, याला लूट म्हणावे की नाइलाज? फौजेची उपासमार होत होती, हे खरे. परंतु ज्या तख्ताच्या रक्षणाचा करार मराठ्यांनी १७५२ मध्ये केला होता, त्याच्याच डोक्यावरचे छत त्यांनी उतरविले, हेही तितकेच खरे. पुढे १८५८ मध्ये इंग्रजांनी याच दालनात बहादूरशहावर खटला चालविला.

जुन्या वास्तू आपल्याला केवळ अभिमान देत नाहीत. त्या आपला हिशेबही राखून ठेवतात. दिवाण-ए-खासमध्ये उभे राहाल, तेव्हा क्षणभर नजर वर वळवा. तेथे आता चांदी नाही, आणि त्या नसलेल्या चांदीतही आपल्या इतिहासाचे एक पान आहे.