उज्जयिनीचे छायायंत्र आणि ग्वाल्हेरचा दरबार

फ्रान्सच्या आग्नेय सीमेवर, आल्प्स पर्वतातील ब्रियाँसाँच्या आणि केराच्या खोऱ्यांत, चर्चच्या, शाळेच्या अथवा एखाद्या सुस्थित शेतकऱ्याच्या घराच्या दक्षिणाभिमुख भिंतीवर रंगविलेली छायायंत्रे अद्यापि दृष्टीस पडतात. भिंतीत तिरपी बसविलेली लोखंडी सळई, तिच्या मुळापासून पसरलेल्या तासांच्या रेषा, भोवती संगमरवराचा भास करून देणारी रंगीत चौकट, वर एखादा परदेशी पक्षी किंवा फुलदाणी, आणि खाली आयुष्याच्या क्षणभंगुरतेची आठवण देणारे लॅटिन अथवा फ्रेंच वचन, असा त्यांचा थाट असतो. इटलीतील पिएमाँत प्रांतातून आलेल्या जोव्हान्नी फ्रान्चेस्को झारबुला नावाच्या फिरत्या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात अनेक दशके या खोऱ्यांत हिंडून अशी कितीतरी यंत्रे आखली. त्याला भूमिती येत होती आणि रंगही येत होते, त्यामुळे गावाला त्याच्याकडून वेळ आणि शोभा दोन्ही लाभत. चर्चच्या मनोऱ्यातील यांत्रिक घड्याळ मागेपुढे झाले, की भिंतीवरच्या मध्यान्हरेषेवर सावली आलेली पाहून ते लावून घेण्याचा तेथे प्रघात होता. पुढे रेल्वेने देशाची गती बदलली, १८९१ च्या कायद्याने साऱ्या फ्रान्सला पॅरिसची वेळ लागू झाली, आणि गावोगावच्या भिंती वेळ सांगण्याच्या कामातून निवृत्त होऊन केवळ शोभेच्या धनी उरल्या.

या यंत्रांची वर्णने वाचीत असता ग्वाल्हेरनजीकच्या मुरारसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात सहजच प्रश्न उभा राहतो, की ज्या देशात ज्योतिषाची परंपरा इतकी पुरातन आणि सूर्यप्रकाश इतका विपुल, तेथे घरांच्या भिंतींवर अशी यंत्रे का दिसू नयेत? या प्रश्नाचे निम्मे उत्तर भूगोलात आहे, आणि उरलेले निम्मे ग्वाल्हेर दरबाराच्या इतिहासात.

सावलीवरून काल मोजण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. सपाट भूमीवर बारा अंगुळांचा शंकु उभा करावयाचा, आणि दिवस-रात्र समान असताना मध्यान्ही त्याची जी सावली पडेल तिला त्या गावची पलभा म्हणावयाचे, हा आमच्या गणिताचा पाया होता. पुण्याची पलभा सुमारे चार अंगुळे, उज्जयिनीची पाचांहून किंचित अधिक, आणि मुरारची सहांना किंचित कमी. पलभा ठाऊक झाली की अक्षांश कळले, आणि अक्षांश कळले की लग्न, दिनमान व सूर्योदय यांचे गणित मोकळे झाले. मात्र हे ज्ञान ज्योतिष्याच्या पाटीवर राहिले. सामान्य जनांना वेळ कळे ती डोळ्यांनी पाहून नव्हे, तर कानांनी ऐकून. तळाशी छिद्र पाडलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यात सोडावे, चोवीस मिनिटांनी ते बुडावे, आणि पहाऱ्यावरील घड्याळजीने टांगलेल्या पितळी थाळीवर टोल द्यावा, ही व्यवस्था बाबराने हिंदुस्थानात पाहिली आणि आपल्या आत्मचरित्रात मोठ्या बारकाईने नोंदवून ठेवली. रात्री आणि पावसाळ्यातही चालणारी ही योजना राजवाड्याला आणि ठाण्याला पुरेशी होती.

भिंतीवरील यंत्राला आपल्याकडील सूर्याची प्रकृतीही मानवणारी नाही. पंचेचाळीस अक्षांशांवरील फ्रेंच गावात जूनच्या दीर्घतम दिवशीसुद्धा दक्षिणेकडील भिंतीवर सुमारे साडेआठ तास ऊन असते. मुरार सव्वीस अक्षांशांवर असल्यामुळे येथे त्याच दिवशी सूर्य सकाळभर आणि दुपारनंतर उत्तरेच्या बाजूला राहतो, आणि दक्षिण भिंतीच्या वाट्याला मध्यान्हीच्या आगेमागे मिळून पावणेचार तासांचेच ऊन येते, तेही इतके उभे की सळईची सावली भिंतीवरून लांबच लांब घसरत जाते. उज्जयिनीला तर कर्कवृत्त इतके निकट आहे की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो, आणि दक्षिण भिंत ऐन दुपारी छायेत राहते. अशा देशात ज्याला छायेकडून वर्षभर चाकरी घ्यावयाची असेल, त्याने घराची भिंत सोडून यंत्रासाठीच वेगळी भिंत बांधली पाहिजे, आणि ती पृथ्वीच्या अक्षाशी समांतर अशी तिरपी बांधली पाहिजे.

नेमके हेच सवाई जयसिंहाने केले. आंबेरच्या या राजाने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी या पाच ठिकाणी चुन्याविटांची वेधयंत्रे उभारली. दिल्लीचे वेध अन्य स्थळांवरून पडताळून पाहावेत हा त्यामागील हेतू त्याने आपल्या 'झीज-इ-मुहम्मदशाही' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितला आहे. माळव्याची सुभेदारी त्याच्याकडे होती, आणि भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा प्राचीन काळापासून उज्जयिनीवरून जात आलेली होती. तेव्हा क्षिप्रेच्या तीरावर वेधशाळा उभी राहणे क्रमप्राप्तच होते. तेथील सम्राट यंत्रात जिन्यासारखी चढत गेलेली त्रिकोणी भिंत ध्रुवाकडे रोखलेली असून, तिची सावली दोन्ही अंगांच्या वर्तुळपादांवर समान काळात समान अंतर कापते. नाडीवलय यंत्राच्या दोन तबकड्यांपैकी सूर्य उत्तर गोलार्धात असता उत्तरेची आणि दक्षिण गोलार्धात असता दक्षिणेची तबकडी वेळ दाखविते. दक्षिणोत्तर भित्तियंत्रावर मध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजली जाते. फ्रेंच गावकऱ्याची एक भिंत जे काम थोडक्यात भागविते, ते येथे तीन यंत्रांत वाटून घेऊन अधिक सूक्ष्मतेने केलेले आहे.

या दोन परंपरांचा प्रत्यक्ष संबंधही एका ठिकाणी आला होता. जयसिंहाने पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठवून युरोपातील कोष्टके मागविली. त्यांत पॅरिसचा ज्योतिर्विद फिलिप द ला हीर याची कोष्टके होती, आणि याच ला हीरने १६८२ साली छायायंत्रे आखण्याच्या विद्येवर फ्रेंच भाषेत स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. जयसिंहाने ती कोष्टके आदराने स्वीकारली, परंतु आपल्या वेधांशी ताडून पाहता चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक पडतो असे दिसताच तसे स्पष्ट नमूद केले. १७३४ साली चंद्रनगरचे दोन फ्रेंच पाद्री त्याच्या निमंत्रणावरून जयपूरला आले, तेही ज्योतिषाच्याच कामासाठी.

लवकरच माळवा मराठ्यांच्या अमलाखाली आला आणि राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, ही त्या पिढीची मोठी कीर्ती. परंतु मोहिमा, चौथाई आणि फौजेचा खर्च यांत गुंतलेल्या सरदारांना वेधशाळेकडे लक्ष देण्यास फुरसत नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विल्यम हंटर या स्कॉटिश वैद्याने उज्जयिनीची यंत्रे पाहून जयसिंहाच्या ज्योतिषकार्यावर विस्तृत निबंध लिहिला. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात स्थिर केल्यावर क्षिप्रेकाठच्या त्या भिंती आणखीच एकाकी झाल्या, आणि चुना झडत झडत त्यांवरील अंशांच्या खुणाही पुसट होत गेल्या.

विद्या मात्र माणसांच्या रूपाने जिवंत राहिली. भोपाळनजीकच्या सिहोर येथे लान्सेलॉट विल्किन्सन या राजकीय अधिकाऱ्याने चालविलेल्या पाठशाळेत सुबाजी बापू यांनी १८३६ साली 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ रचून, भास्कराचार्यांपासून कोपर्निकसापर्यंतचा मार्ग आपल्या लोकांना समजावून दिला. त्याच सिहोरात शिकलेले, महाराष्ट्रात जन्मलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले, आणि तेथील मानमंदिरातील जयसिंहाच्या यंत्रांची माहिती त्यांनी लिहून प्रसिद्ध केली. १८९६ त शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ निघाला. टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांच्यासारख्यांनी पंचांगशोधनाचा आग्रह धरला. पंचांगातील ग्रह आकाशात प्रत्यक्ष तेथेच दिसला पाहिजे, हा त्या आग्रहाचा गाभा होता, आणि तो सिद्ध करावयाचा तर वेधयंत्रांवाचून गत्यंतर नव्हते.

इकडे मुरारचा काळ निराळ्या शिस्तीने चालत होता. १८४४ च्या इंग्रज-शिंदे तहानंतर येथे कंटिंजंट फौजेची छावणी पडली. १४ जून १८५७ रोजी तिने बंडाचा झेंडा उभारला, १६ जून १८५८ रोजी ह्यू रोजने लढून मुरार घेतले, आणि पुढे १८८६ त किल्ल्यासह ही छावणी शिंदे सरकारास परत मिळेपर्यंत येथला दिवस इंग्रजी बिगुलाच्या इशाऱ्यावर उगवला आणि मावळला. त्यामागोमाग रेल्वे आणि तारखाते यांचे घड्याळ आले. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी रेखांशांची वेळ हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरली, आणि मुरारच्या सूर्याला त्या घड्याळाच्या मागे सरासरी सतरा मिनिटे राहणे भाग पडले.

अशा वेळी माधवराव महाराज शिंद्यांनी जे केले, त्याचे महत्त्व मला विशेष वाटते. भिंड, शिवपुरी आणि श्योपूरकडे नॅरोगेज रेल्वे नेणारा, यंत्रांचा नाद असणारा हा राजा. प्रमाणवेळेवाचून गाडीचे वेळापत्रक चालत नाही हे त्याला कोणी शिकवावयास नको होते. तरीही नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे या विद्वानांची विनंती मान्य करून त्याने १९२३ साली उज्जयिनीच्या वेधशाळेची दुरुस्ती करविली, तिच्या चालू खर्चाची तजवीज केली आणि आपट्यांना पहिले अधीक्षक नेमले. आपट्यांच्या मार्गदर्शनाखाली जुन्या यंत्रांच्या जोडीला शंकुयंत्रही तयार झाले. ५ जून १९२५ रोजी महाराजांचे पॅरिस येथे देहावसान झाले. त्यांचे चिरंजीव जिवाजीराव यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली वेधशाळा मात्र चालत राहिली, आणि १९४२ पासून ग्रहस्थितीचे पंचांगही प्रसिद्ध करू लागली. जयसिंहाच्या पाच वेधशाळांपैकी एक तरी नित्य वेधांसाठी वापरात राहिली, याचे श्रेय ग्वाल्हेर दरबाराच्या खजिन्याला आणि एका मराठी गणितज्ञाच्या चिकाटीला द्यावे लागेल.

छायायंत्र दुरुस्त करण्यात गतकाळाचा गौरव होता, परंतु तेवढेच नव्हते. घड्याळाची वेळ आपण दुसऱ्याच्या शब्दावर मान्य करतो. छायायंत्राची वेळ ज्याची त्याने उभे राहून पडताळावयाची असते. फ्रान्समधील गावकऱ्याला चर्चच्या घड्याळाची चूक दाखविण्याचा अधिकार भिंतीवरील सळईने दिला, आणि उज्जयिनीच्या वेधकर्त्याला पोथीतील ग्रहगणिताची चूक दाखविण्याचा अधिकार सम्राट यंत्राने दिला. ज्ञानाच्या क्षेत्रात असा अधिकार सामान्य माणसाच्या हाती राहणे ही मोठी गोष्ट आहे, आणि माझ्या मते १९२३ च्या त्या खर्चाचे खरे मोल यातच आहे.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते, की ग्वाल्हेर-मुरारच्या प्रत्येक शाळेच्या पटांगणात येथल्या पलभेवर आखलेले एक छायायंत्र असावे. सळई भूमीशी सव्वीस अंशांचा कोन करून उत्तरेकडे रोखावी, आणि तबकडी नाडीवलयाप्रमाणे विषुववृत्ताला समांतर ठेवावी, म्हणजे एकदा उत्तरेची आणि एकदा दक्षिणेची अशी तिची एक बाजू बारा महिने उन्हात राहील. मुलांनी तिच्याशेजारी हातातील घड्याळ धरून वर्षभर नोंद ठेवावी. फेब्रुवारीच्या मध्याला सावली घड्याळाच्या सुमारे एकतीस मिनिटे मागे आढळेल, आणि नोव्हेंबरच्या आरंभी, दिवाळीच्या सुमारास, हा फरक एका मिनिटाच्या आत येईल. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, हे पुस्तकातील विधान त्या मुलांना मग स्वतःच्या नोंदवहीतून सिद्ध करून दाखविता येईल. आणि त्यांनी ते सिद्ध करावे, यासाठी लागणारा खर्च एका सळईचा आणि थोड्या चुन्याचा आहे.