कुत्र्याची भाकरी, मोतीशा शेठ आणि आमचा मोती



आमचा मोती म्हणजे पांढरा स्पिट्झ, पाच किलोचा असायला हवा तो. यंदा जानेवारीत काट्यावर साडेसात किलो भरला आणि मागचा पाय उचलून चालायला लागला. डॉक्टरांनी विचारले, "याला घालता काय?" मी अभिमानाने सांगितले, "सगळे घरचे!" ते हसले नाहीत. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

माझे माहेर रोहा, सासर पेण. दोन्हीकडे धान्याचा व्यापार, आणि दोन्हीकडे कुत्र्याची एक भाकरी ठरलेली. रोह्याला दादी तांदळाची शेवटची भाकरी थापायची ती कुत्र्याची. शेजारीपाजारी रात्रीचे उरलेले सकाळी कुत्र्याला जायचे. आपल्यात वासी ठेवत नाहीत, म्हणून सूर्यास्ताआधी जेवणे उरकली की त्याचे पान लगेच मागच्या पडवीत. भातगिरणीतून येणारी कणी दादी वेगळ्या डब्यात ठेवायची आणि पावसाळ्यात तिची पेज करायची. कुत्रा आमचा नव्हता, बाजारपेठेचा होता. भाकरी मात्र आमची.

ही भाकरी नुसती घरगुती सवय नाही, तिच्यापायी एकदा अख्खी मुंबई बंद पडली होती, हे मला पन्नाशीनंतर कळले. साल १८३२. मोकाट कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा नियम जुनाच होता, पण त्या वर्षी मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली आणि शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे इनाम लावले. मी कॉमर्सची, मला लगेच दिसते की पुढे काय होणार. नगावर पैसे मिळायला लागले की नग कुठूनही आणले जातात. शिपाई लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान, मृताला कुत्र्याची नजर दाखवण्याचा त्यांचा विधी आहे. ६ जूनला ते रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, त्यात जैन आणि हिंदू व्यापारीही आले. कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या सैनिकांचे पाव-पाणी अडवले गेले. (हे कुलाबा मुंबईतले. आपला जिल्हाही १९८१ पर्यंत कुलाबाच होता, म्हणून घोटाळा नको.) शेवटी सैन्य आणून बंद मोडला, धरपकड झाली.

मला यात एक गोष्ट खटकते. आपल्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कुत्र्यांचा वध थांबवायला माणसांचे अन्नपाणी अडवले, म्हणजे एका अतिचारावर दुसरा! पण त्या लोकांच्या हातात दुसरे काय होते, हेही खरे.

त्या दंग्यातून पुढे जे उभे राहिले ते मात्र निखळ आपले आहे. १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरापोळ सुरू झाली. पुढाकार सर जमशेटजी जीजीभॉय यांचा आणि आपल्या मोतीशा शेठांचा. पालिताण्याला ज्यांची टूंक आपण चढून पाहतो आणि भायखळ्याला ज्यांच्या देरासरात दर्शन घेतो, तेच हे. कुत्री मारायची नाहीत, तर ठेवायची कुठे आणि घालायचे काय, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर. नुसत्या भावनेवर एवढी जनावरे पोसली जात नाहीत. कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी स्वतःहून लागा बसवला आणि त्यातून चारा-दाणा निघाला. करुणेला खातेवही जोडलेली, म्हणून ती टिकली.

आपल्या जिल्ह्यात कुत्र्याचा म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेला पुतळा रायगडावर आहे, वाघ्याचा. १९३६ साली तो बसवला, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी पैसे दिले. वाघ्याच्या कथेला शिवकाळातला कागद नाही, म्हणून त्यावर वाद होत असतात. मी त्यात पडत नाही.

तोवर तिकडे विलायतेत कुत्र्याची भाकरी कारखान्यात गेली होती. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनच्या गोदीत कुत्र्यांना जहाजावरची कडक बिस्किटे खाताना पाहिले आणि कुत्र्यांसाठीच बिस्किटे काढली. धान्य, बीट आणि मांस. आज दुकानात मिळणारा पाकिटातला कोरडा खाऊ हा त्याचाच पणतू. तो घरात आणायचा का, हा आमच्याकडचा खरा पेच. सून म्हणाली, "मम्मी, आपण नाही ना खायचंय?" पण त्यात काय दळले आहे हे माहीत असताना माझा हात त्या पाकिटाला लागेना.

डॉक्टरांनी समजावले ते असे. मांजराला मांसाशिवाय भागत नाही, कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे राहून त्याला पिष्ट पचवायची सवय झाली आहे. स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की, पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्याला दोन, कुत्र्याला त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे दादीच्या भाकरीची नोंद त्याच्या रक्तात आहे! पण नुसत्या दूधभातावर कुत्रा निभत नाही. प्रथिने हवीत, कॅल्शियम हवे, आणि शाकाहारी ठेवायचा तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अधूनमधून रक्त तपासून.

मग मी वही काढली. पाच किलोच्या घरबशा कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० कॅलरी लागतात. वरचा खाऊ त्याच्या दहा टक्क्यांत बसायला हवा, म्हणजे ३५. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये साडेचारशेच्या आसपास, म्हणजे आठ ग्रॅम झाली की खाते बंद. आणि आमच्याकडे? चहाबरोबर ह्यांची चार बिस्किटे, नातवाची तीन, माझी तुपाची चपाती आणि देवपूजेनंतरचा पेढा. पाय मोडला तो प्रेमाने.

आता मोतीला मुगाची मऊ डाळ, भात, पनीर आणि दुधी असे मोजून मिळते, वर डॉक्टरांनी दिलेली पावडर. खाऊ म्हणून काकडी, उकडलेली फरसबी, बिया काढलेले सफरचंद. कांदा-लसूण कुत्र्याला विषासारखे, त्याने रक्तपेशी फुटतात. तेवढ्यापुरते आपले स्वयंपाकघर निर्धोक. पण मनुका-बेदाण्याकडे लक्ष ठेवा, त्याने मूत्रपिंड जाऊ शकते आणि आपल्याकडे प्रत्येक गोडात ते असतात. चॉकलेटही नको.

हे सगळे पटूनही पहिले पंधरा दिवस मला झोप नव्हती. रिकामी ताटली चाटून तो माझ्याकडे बघायचा. हाच तर अन्नपाननिरोध नाही? चातुर्मासात साध्वीजींना विचारले. त्या म्हणाल्या, ऊनोदरी आपण स्वतःच्या इच्छेने करतो, त्याने ती मागितलेली नाही, म्हणून तुमच्या मनाला टोचते, आणि टोचू द्या. पण रोग वाढेल एवढे घालणे हीही दया नाही. माझे अर्धे समाधान झाले, अर्धे अजून व्हायचे आहे.

मोती आता सहा किलोवर आहे, पाय टेकतो. साडेपाचला त्याचे जेवण होते, ह्यांनी त्याला मोतीचा चौविहार असे नाव ठेवले आहे. त्याच्या वाटची तुपाची चपाती मी अजून लाटते, तूप न लावता. ती कोपऱ्यावरच्या तांबड्या कुत्रीला जाते. तिची चार पिल्ले आहेत.