उंच कपाळाची जीप

भोरहून रायरेश्वराच्या बाजूस निघालें कीं आंबवडें लागतें. पुढची वाट डोंगराची. अशा मावळी चढणींवर वर्षानुवर्षें वावरली ती जीप. तिच्या जुन्या महिंद्रा बनावटीचें बॉनेट, म्हणजे इंजिनावरील पत्र्याचें झांकण, इतकें उंच कां, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत नांव मिळविलेल्या विलीज जीपचें बॉनेट बसकें होतें. तिच्या 'गो-डेव्हिल' इंजिनाच्या झडपा सिलिंडरांच्या बगलेस असत. पेट्रोलमिश्रित हवा आंत नेणारी नळी, जिला मॅनिफोल्ड म्हणतात, तीही बगलेसच. सबब माथा मोकळा. शक्ति मात्र ६० अश्वांची. ती वाढविण्यासाठीं विलीजच्या यंत्रज्ञांनीं 'हरिकेन' इंजिनांत हवा घेणारी झडप सिलिंडराच्या डोक्यावर नेली. आकारमान तेंच, १३४.२ घन इंच. शक्ति ७२ अश्वांवर गेली. श्वास मोकळा झाला, पण डोकें उंच झालें! मॅनिफोल्ड त्या डोक्यांतच ओतलेला असल्यानें दुसरा ठेंगणा निवडण्याची सोयच उरली नाहीं; कार्ब्युरेटरही वर चढून बसला.

लष्करासाठीं १९५२ सालीं याच इंजिनाभोंवतीं गोलसर बॉनेटाची नवी गाडी निघाली. नागरी गाडीस तेवढा खर्च कोण करणार? टोपी बसेना म्हणून टोपीच उंच शिवावी, तसें १९५३ च्या 'सी. जे. ३ बी' गाडींत झालें. सांगाडा जवळजवळ जुनाच. बॉनेट आणि पुढील जाळी तेवढी उंचावली. रूप बिघडलें खरें. परंतु डोंगरांतल्या गाडीच्या बाबतींत हा सौदा शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

मुंबईस माझगांव येथें महिंद्रांनीं १९४९ सालीं विलीज जीप जोडण्यास आरंभ केला होता. पुढें ही उंच कपाळाची गाडीही त्यांनीं उचलली. अमेरिकेंत तिची निर्मिति १९६८ सालीं थांबली. येथें ती त्यानंतरही दीर्घकाळ चालली. १९७९ सालीं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला, आणि पेट्रोल इंजिनासाठीं उंचावलेल्या त्याच बॉनेटाखालीं डिझेल इंजीन नांदूं लागलें.

जुन्या गाडींत परकें इंजीन बसवितांना जाणता मिस्त्री आजही केवळ फूटपट्टीवर विसंबत नाहीं. एअर क्लीनरच्या माथ्यावर तो ओल्या मातीचा गोळा ठेवतो, बॉनेट हलकेच लावतो, पुन्हां उघडतो आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजतो. रबरी बैठकीवर इंजीन हिसका खातें, म्हणून त्यापुरती जागा तो आणखी सोडतो.