पाठांतर, अर्थबोध आणि परीक्षा

घनपाठी विद्यार्थ्याची परीक्षा ज्याने एकदा ऐकली, तो पाठांतराला तुच्छ लेखणार नाही. पद, क्रम, जटा, घन अशा पायऱ्यांनी मंत्र पुढेमागे फिरवताना एक स्वर ढळला तरी परीक्षकाच्या ध्यानी येतो. या शिस्तीमुळेच वेदांचा पाठ अक्षुण्ण राहिला. मात्र याच परंपरेतील यास्काचार्यांच्या निरुक्तात, अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. आपल्या पूर्वजांनी म्हणूनच दोन कसोट्या निराळ्या ठेवल्या : पाठासाठी पारायण आणि अर्थासाठी शास्त्रार्थाची सभा. सभेत प्रतिपक्षी कोणता आक्षेप काढील हे आधी ठाऊक नसे. तेथे नुसत्या घोकंपट्टीचा निभाव लागणे कठीण.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. रानडे व भांडारकर तीत उत्तीर्ण झाले. लेखी प्रश्नपत्रिकेने असंख्य मुलांना एकाच मापाने तोलण्याची सोय केली, हे तिचे मोठेच कार्य होय. परंतु तिने त्या दोन कसोट्या एकत्र कालवल्या : तपासावी स्मरणशक्ती आणि प्रमाणपत्र द्यावे ज्ञानाचे! अध्यापन परीक्षेच्या अंकित झाले आहे, अशी तक्रार १९०२ च्या विद्यापीठ आयोगानेच नोंदवली. एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची, असे १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने म्हटले.

पुढील पाऊल भोपाळात पडले. नेहरू नगरातील पालक आज मुलांच्या गुणपत्रिका न्याहाळतात. त्यांच्याच शहरात १९५६ साली अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषदेने परीक्षासुधारणेवर परिसंवाद भरवला होता. त्यानंतर १९५७ मध्ये अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात आले. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन अशा त्यांच्या सहा पायऱ्यांनी प्रश्न कसा काढावा याला शास्त्र दिले. १९५८ साली केंद्रीय परीक्षा विभाग निघाला व शिक्षक संविधान तक्ता मांडून प्रश्नपत्रिका रचू लागले.

मग घोकंपट्टी सरली काय? नाही. उपयोजनाचा प्रश्न एकदा छापला गेला की त्याचे उत्तर मार्गदर्शिकेत उतरते आणि पुढल्या वर्षी तोही पाठांतराचाच प्रश्न होतो. सारांश, प्रश्नाचा गुण त्याच्या शब्दांत नसून त्याच्या नवेपणात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा मार्ग धरला, २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने घोकंपट्टीवर पुन्हा बोट ठेवले. परंतु अपेक्षित प्रश्नांचे संच बाजारात विकले जातातच.

येथे दोष पाठांतराचा नव्हे. घनपाठ्याची परीक्षा प्रामाणिक असते, कारण ती जे तपासते त्याचीच ग्वाही देते. आपल्या शालेय परीक्षेने एवढा प्रामाणिकपणा अंगी आणावा. पाढे, सुभाषिते, स्तोत्रे मुलांनी अवश्य मुखोद्गत करावीत. पण अर्थाची पारख करायची तर आधी न पाहिलेला प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा व उत्तर अडखळत आले तरी धीराने ऐकावे. ज्या मुलाला समजते परंतु आठवत नाही, त्याला आपण आजवर नापास म्हणत आलो. त्या अन्यायाचे परिमार्जन याच वाटेने होईल.