येमेनच्या मधोमध गेलेली रेघ

येमेनच्या नकाशावर आज उत्तर-दक्षिण अशी सीमा नाही. २२ मे १९९० रोजी ती पुसली गेली. तरीही त्या देशातलं राजकारण तिच्यापाशीच अडखळतं, म्हणून ती आखली कुणी, हे बघायला हवं.

तिचं एक टोक मुंबईत सापडतं. १८३९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईहून गेलेल्या फौजेने दक्षिणेतलं एडन बंदर घेतलं आणि १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्याच्याच ताब्यात राहिलं. वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेपेवर धाडलं ते याच एडनला. १८८३ मध्ये त्यांनी तिथेच प्राण सोडला. उत्तरेत १८७२ साली तुर्कांनी सना काबीज केलं. मग दोन साम्राज्यांनी आपापसात मोजणी केली आणि १९१४ च्या करारात हद्द कायम करून टाकली. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

रेघेच्या दोन्ही बाजूंना वेगळी माणसं घडत गेली. तुर्क गेल्यावर उत्तरेत झैदी इमामांचं राज्य आलं, बाहेरच्या जगाला दारं जवळजवळ बंद. एडनमध्ये मात्र जगभरातली जहाजं, तेलशुद्धीकरण कारखाना, कामगार संघटना आणि संप. प्रजासत्ताकंही दोन जन्मली. १९६२ मध्ये सनात लष्करी अधिकाऱ्यांनी इमामाला हटवलं आणि इजिप्तच्या फौजा ओढून घेणारं यादवी युद्ध १९७० पर्यंत चाललं. दक्षिणेत सशस्त्र लढ्यानंतर ३० नोव्हेंबर १९६७ रोजी ब्रिटिश गेले, आणि अरब जगातलं एकमेव मार्क्सवादी राज्य उभं राहिलं. १९७४ च्या कायद्याने तिथे बहुपत्नीत्वावर कडक बंधनं आली. त्या काळात हे धाडसाचंच काम होतं.

दोन्ही राज्यं एकीच्या शपथा घेत आणि एकमेकांवर बंदुका रोखत. १९७२ आणि १९७९, दोन्ही युद्धं संपली ती एकीकरणाच्या करारांनी! १९७८ च्या जूनमध्ये एडनहून आलेल्या दूताच्या बॅगेतल्या बॉम्बने सनाचे अध्यक्ष अल-घश्मी ठार झाले. दोनच दिवसांनी एडनचे अध्यक्ष सालिम रुबाई अली यांना त्यांच्याच पक्षाने गोळ्या घातल्या. १९८६ च्या जानेवारीत तर एडनमध्ये पक्षाच्या बैठकीतच अंगरक्षकांनी गोळीबार केला आणि पुढच्या काही दिवसांत हजारो माणसं मेली. त्यातून दक्षिण सावरली नाही. सोव्हिएत मदत आटली, सीमेजवळ तेल सापडलं, आणि चार वर्षांत दोन्ही राज्यं एक झाली. सनाचे अली अब्दुल्ला सालेह अध्यक्ष, एडनचे अली सालिम अल-बीद उपाध्यक्ष.

माझ्या मते ही एकी १९९४ मध्येच संपली. दक्षिणेने फुटून निघायचं जाहीर केलं, तेव्हा सालेह यांच्या फौजांनी ७ जुलैला एडन जिंकलं. त्यानंतर दक्षिणेतल्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना सक्तीने घरी बसवलं गेलं. संमतीने झालेलं लग्न मारझोडीवर टिकत नाही. २००७ मध्ये रस्त्यावर उतरले ते हेच निवृत्त सैनिक.

२०१४ मध्ये उत्तरेतल्या हूथी बंडखोरांनी सना घेतलं. मध्यवर्ती बँकही सना आणि एडन अशी दुभंगली. आज दोन्हीकडे चलन रियालच आहे. पण सनात त्याचा भाव एक आणि एडनमध्ये दुसरा.