सोमवारचा फळा

आपल्या शिक्षकखोलीबाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी एक लहान फळा होता. गणिताचे सर दर सोमवारी त्यावर एक कोडे लिहीत आणि शनिवारी त्याखाली सोडवणाऱ्याचे नाव. बक्षीस तेवढेच. पण त्या नावासाठी आपण मधली सुट्टी घालवत असू. स्मरणिकेसाठी शाळेतल्या गणिताविषयी लिहायचे ठरले तेव्हा मला तो फळाच आठवला. ही पद्धत किती जुनी आहे, हे पाहायला गेलो आणि हंगेरीत जाऊन पोहोचलो.

१८९४ साली हंगेरीतल्या ज्योर गावी दानियल अरान्य या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. त्यात उदाहरणे छापून येत, मुले पोस्टाने उत्तरे पाठवत आणि चांगले उत्तर मुलाच्या नावासह छापले जाई. पुढे नेमाने सोडवणाऱ्यांची छायाचित्रेही येऊ लागली. त्याच वर्षी तिथे शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी गणिताची स्पर्धाही सुरू झाली. उदाहरणे तीनच, पण पाठांतर कामाला न येणारी. आजच्या ऑलिंपियाडचे मूळ अशा स्पर्धांत आहे. पहिले आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सात देशांत झाले. भारताचा संघ त्यात प्रथम उतरला १९८९ मध्ये आणि १९९६ चे ऑलिंपियाड तर आपल्या मुंबईतच भरले.

आपण नववीत असताना सरांनी फळ्यावर लिहिलेले एक कोडे याच हंगेरियन स्पर्धेत १९४७ साली आले होते, हे मला आत्ता कळले. कोडे असे: कोणतीही सहा माणसे घ्या. त्यांत परस्परांना ओळखणारे तिघे तरी सापडतील, नाहीतर परस्परांना अनोळखी असे तिघे तरी सापडतील. हे सिद्ध करा.

मी सगळ्या शक्यता मांडायला बसलो. सहा जणांच्या जोड्या १५, प्रत्येक जोडीत ओळख आहे किंवा नाही, म्हणजे एकूण ३२,७६८ शक्यता. दोन दिवसांत वहीची पाने भरली, हाती काही लागले नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत वर्गातल्या एका मुलीने माझी वही पाहिली आणि म्हणाली, "सगळ्यांना कशाला धरतोस? एकालाच धर ना."

मग तिने रफ वहीच्या मागच्या पानावर दाखवले. एकाला धरा. उरलेले पाच जण त्याच्या ओळखीचे किंवा अनोळखी. पाच जण दोन गटांत वाटले की एका गटात किमान तिघे येणारच. समजा, तो तिघांना ओळखतो. त्या तिघांतल्या कुठल्याही दोघांची आपसांत ओळख असेल, तर ते दोघे आणि हा मिळून तिघे ओळखीचे झाले. कुणाचीच नसेल, तर ते तिघेच परस्परांना अनोळखी. तो तिघांना ओळखत नसेल, तर हाच विचार उलटा करायचा. पाच माणसांत मात्र हे जमेलच असे नाही. पाच जण गोल बसले आणि प्रत्येक जण फक्त आपल्या दोन शेजाऱ्यांना ओळखत असला, तर तसे तिघे मिळत नाहीत. हेही तिनेच सांगितले.

गुरुवारी मी ते उत्तर स्वच्छ अक्षरात लिहून सरांना दिले. ते कुणाचे, हे सांगितले नाही. शनिवारी फळ्यावर माझे नाव होते. तिने ते वाचले, बाटली भरली आणि वर्गात गेली. ती काही बोलली नाही, मीही नाही. त्यानंतर दहावी संपेपर्यंत तिने फळ्यावरच्या एकाही कोड्याचे उत्तर दिले नाही.

हंगेरीचा इतिहास वाचताना एका ठिकाणी मी थबकलो. १९३३ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये काही तरुण गणित सोडवायला एकत्र जमत. त्यांतले काही जण त्या मासिकामुळे एकमेकांना आधीच नावाने ओळखत होते. त्यांच्यातल्या एस्थर क्लाइनने दाखवले, की कोणतेही तीन एका रेषेत नसलेले पाच बिंदू घेतले, तर त्यांतल्या चारांचा बहिर्वक्र चौकोन होतोच. मग तिने विचारले, जास्त बाजूंच्या आकृतीसाठी किती बिंदू लागतील? त्या प्रश्नावर पॉल एर्डिश आणि ज्योर्ज सेकेरेश यांनी १९३५ मध्ये निबंध छापला. आपले सहा माणसांचे कोडेही त्याच घराण्यातले. निबंधाच्या सुरुवातीलाच त्यांनी नोंदवले, की हा प्रश्न क्लाइनचा आहे. पुढे क्लाइन आणि सेकेरेश यांचे लग्न झाले, म्हणून एर्डिश त्याला 'सुखान्त प्रश्न' म्हणत.

निबंध त्या दोघांचा होता, तरी तिचे नाव लिहायला त्यांना एक वाक्य पुरले. मला तेवढे वाक्य इतक्या वर्षांत लिहिता आले नाही.

ती मेळाव्याला येणार आहे, असे कळले. तिला न विचारता तिचे नाव इथे छापणे बरे नाही. पण त्या दिवशी मी खडू घेऊन येणार आहे. सर, तुम्ही हे वाचत असाल तर त्या शनिवारचे नाव चुकले होते. ती हो म्हणाली, तर तुमच्यासमोरच दुरुस्त करीन.